‘करमत नाही’ म्हणजे नेमकं काय बिघडलंय: गावाकडचे आईवडील शहरात आणताना

गावी एकट्या राहणाऱ्या आईला मुलगा पुण्याला किंवा ठाण्याला आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन येतो. औषधं वेळेवर, जेवण आयतं, अंघोळीला नळाला गरम पाणी. तीन महिन्यांत घरातले म्हणायला लागतात, ‘गावाला ठणठणीत होती, इथं आल्यापासून विसरायला लागली.’ आईचं पालुपद वेगळंच असतं: करमत नाही.

या दोन्ही तक्रारी एकाच धाग्याच्या आहेत.

चाळीस वर्षं एका स्वयंपाकघरात वावरलेल्या बाईला मिठाची बरणी शोधावी लागत नाही, हात आपसूक तिकडे जातो. रात्री अंधारात उंबरा कुठे आहे ते पायाला ठाऊक असतं. ही सवयीची स्मृती, आणि ती अल्झायमरच्या सुरुवातीच्या काळातही बरीच शाबूत राहते. फ्लॅटमध्ये मात्र सगळं नव्यानं शिकायचं: लिफ्टची बटणं, सेफ्टी डोअरची कडी, मजल्यावरचे एकसारखे चार दरवाजे, इंडक्शनची शेगडी. नवं शिकायची स्मृती निराळी, आणि आजारात आधी ढासळते ती हीच. म्हणजे कित्येक घरांत विसराळूपणा आधीपासून होता, जुन्या घरानं तो सांभाळून घेतला होता. शहरात तो उघडा पडतो.

दुसरा पदर माणसांचा. गावात सकाळी सहा ते दुपारी बारापर्यंत एका म्हातारीशी कोण कोण बोलतं ते मोजून बघा. डेअरीवर दूध घालायला निघालेला पुतण्या, नळावरच्या दोघी, देवळात भेटणारी चुलतजाऊ, शाळेला निघालेली पोरं, भाजीवाली. दहा-बारा माणसं सहज होतात. एकेक बोलणं अर्ध्या मिनिटाचं असेल, पण कोण कुणाचा, कुणाच्या घरी काय चाललंय, काल काय अर्धवट राहिलं, हे डोक्यात सतत हलतं राहतं. फ्लॅटमध्ये हा आकडा तीन-चारवर येतो, आणि ती तिघं-चौघं सकाळी घाईत असतात. ऐकणं, चेहरा ओळखणं, आठवणं, उत्तर जुळवणं ही सगळी कामं मेंदूला एका दमात करायला लावणारी गोष्ट म्हणजे साध्या गप्पा. त्यापुढे शब्दकोडं म्हणजे बसल्या जागचं काम.

आकड्यांत बोलायचं तर, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, धोक्याची, बदलता येण्याजोगी 14 कारणं आहेत. ती सगळी दूर करता आली तर जगभरातले सुमारे 45 टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार लांबेल, असा त्यातला अंदाज आहे. माणसांपासून तुटणं, नैराश्य, कमी ऐकू येणं आणि कमी दिसणं ही त्यातली चार कारणं या लेखाच्या थेट विषयाची. भारतात लासी या वयस्कांच्या मोठ्या पाहणीच्या जोडीनं झालेल्या अभ्यासात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांमध्ये डिमेन्शिया आढळला, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. स्त्रियांत, खेड्यांत आणि शाळा न शिकलेल्यांत हे प्रमाण जास्त. लंडनच्या सरकारी नोकरांवर 1985 पासून चाललेल्या व्हाइटहॉल अभ्यासातली एक गोष्ट आपल्याकडे मुद्दाम सांगायला हवी: साठीच्या वयात मित्रमंडळींना वरचेवर भेटणाऱ्यांना पुढे डिमेन्शिया कमी झाला, नातेवाइकांच्या भेटींचा मात्र तसा संबंध दिसला नाही. ‘घरात आम्ही आहोत की’ हे उत्तर म्हणूनच पुरत नाही.

एक सावधगिरी. गप्प गप्प राहणं, कशात रस न वाटणं हे आजाराचं पहिलं लक्षणही असू शकतं. माणसं तुटली म्हणून मेंदू मंदावला, की मेंदू मंदावला म्हणून माणसं तुटली, हे बाहेरून कळत नाही. पुढचे उपाय दोन्ही परिस्थितींत करण्यासारखेच आहेत, पण ते तपासणीच्या जागी धरू नका.

आधी आठ दिवस गावी राहा, एक वही घेऊन

सामान बांधायच्या आधीचं हे काम आहे आणि नेमकं हेच कुणी करत नाही. शंभर पानी वही घ्या, चार रकाने आखा: वेळ, माणूस, कशावर बोलणं झालं, आणि त्यात आईचं काम काय. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ‘सकाळी सव्वासात, शेजारची सून, बाळाला तेल कधी लावू, आईला विचारून करते.’ ‘संध्याकाळी पाच, देऊळ, वाती आईनं वळलेल्या.’ ज्या ओळींत चौथा रकाना भरलेला आहे त्यांवर लाल खूण करा. शहरात आधी या ओळींची भरपाई शोधायची. नुसत्या भेटी गेल्या तर माणूस कंटाळतो. आपली गरजच कुणाला उरली नाही असं झालं की माणूस विझतो.

त्याच आठ दिवसांत माणसांशी किती जोडलेपण आहे ते मोजणारी, लुबेन या अभ्यासकाची सहा प्रश्नांची पट्टी लावून घ्या. नातेवाइकांबद्दल तीन प्रश्न: महिन्यातून एकदा तरी किती जणांशी भेट किंवा बोलणं होतं, मनातलं किती जणांपाशी मोकळेपणानं बोलता येतं, मदतीला हाक मारावी असे जवळचे किती. मग हेच तीन प्रश्न मित्र-मैत्रिणींबद्दल. एकही नाही तर 0 गुण, एक असेल तर 1, दोन 2, तीन किंवा चार असतील तर 3, पाच ते आठ 4, नऊ किंवा जास्त 5. बेरीज तीसपैकी होते. बाराच्या खाली आली तर माणूस एकटा पडायच्या वाटेवर आहे असं धरतात. हीच पट्टी शहरात तीन महिन्यांनी पुन्हा लावा. बेरीज सहसा खाली आलेली असते, आणि ती मित्र-मैत्रिणींच्या तीन प्रश्नांत.

विचारताना ‘एकटं वाटतं का?’ असं विचारू नका. आपल्याकडे त्याचं उत्तर ‘नाही बाई, सोन्यासारखी सून आहे’ हेच येणार, कारण हो म्हणणं म्हणजे घरच्यांची तक्रार करणं. ‘करमतं का?’, ‘दुपार जाते का?’, ‘घर खायला उठतं का?’ असं विचारा. दुपारी दोन ते पाच ही वेळ स्वतंत्र विचारा. बहुतेकांची दुखरी वेळ तीच.

पहिला महिना: घर ओळखीचं करणं

पहिल्यांदा तीन आठवड्यांसाठीच आणा, मग पंधरा दिवस गावी, मग पुन्हा. ऐन पावसाळ्यात आणू नका, खाली उतरताच येत नाही आणि नेमक्या ओळखी व्हायच्या काळात माणूस घरात अडकतो. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने बरे. गावचं घर वर्षभर तरी विकू नका आणि भाड्यानंही देऊ नका. परतीची वाट आहे हे माहीत असलेला माणूस नव्या जागी लवकर रमतो. एसटीत पंच्याहत्तरीपुढे प्रवास मोफत आहे, 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट, बायकांना सगळ्याच वयात अर्धं. तेव्हा दोन-तीन महिन्यांनी गावची फेरी खर्चाची बाब राहत नाही.

पलंग गावी ज्या बाजूनं उतरायची सवय होती त्याच बाजूनं उतरता येईल असा लावा. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा, वाटेत पायपुसणं नको. घराच्या दाराला इतरांपेक्षा वेगळं दिसेल असं काही लावा: तिनंच केलेलं तोरण उत्तम. मजल्याचा आकडा वाचता येत नसेल तर लिफ्टमधल्या आपल्या बटणावर लाल टिकली चिकटवा (सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून). पाच पैशांची टिकली, पण तेवढ्यानं आई एकटी खाली जाऊन परत येऊ शकते. भिंतीवर मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणि दिनदर्शिका, रोजची तारीख तिनंच खोडायची.

या महिन्यात एक धोका फार घरांत दिसतो. नव्या जागी संडासाला उठायचा संकोच, कमोडची सवय नाही, म्हणून म्हातारी माणसं पाणी कमी पितात. मग बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, आणि एके रात्री अचानक भ्रम: भलतंच बोलणं, माणसं न ओळखणं, दिवसा गुंगी आणि रात्री ओरडा. याला डिलिरियम म्हणतात. तो काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत उद्भवतो आणि दिवसभरात कमी-जास्त होत राहतो. हा डिमेन्शिया नव्हे. ही तातडीची बाब आहे, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शरीरातल्या सोडियमची घट, संसर्ग किंवा नव्यानं सुरू झालेली गोळी यांतलं काहीतरी बहुधा सापडतं आणि ते बरं होतं. ‘वय झालं’ म्हणून सकाळपर्यंत वाट बघणं महागात पडतं.

कान आधी, कट्टा नंतर

चार माणसांत नेऊन बसवलं आणि तिथं काय चाललंय ते ऐकूच आलं नाही, तर तो माणूस दुसऱ्यांदा जात नाही. म्हणून हा क्रम उलटू नका.

वयानं येणाऱ्या बहिरेपणात बारीक, उंच आवाज आधी जातात. स, श, फ, थ असली व्यंजनं पुसट होतात आणि स्वर ऐकू येत राहतात. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. ‘सात’ की ‘हात’ हा गोंधळ. ओरडून बोललं की स्वरच मोठे होतात, व्यंजनं तशीच राहतात. हातभर अंतरावर समोर बसून, तोंडावर उजेड पडेल असं, जरा सावकाश बोला. टीव्ही आणि मिक्सर बंद. नाही कळलं तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला.

तपासणीत आधी कानातला मळ काढून घ्यायचा, मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याचं यंत्रावर मोजमाप. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे तपासणी आणि यंत्र दोन्हींची सोय आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 च्या पुढच्या, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना साहाय्यक साधनांसाठी 3000 रुपये खात्यात मिळतात. त्यात चांगलं श्रवणयंत्र येत नाही, पण चष्मा, काठी, कमोडची खुर्ची निघते.

श्रवणयंत्र कपाटात पडून राहण्याचं कारण बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातलं असतं. पहिल्याच दिवशी घालून लग्नाला नेलं, भांड्यांचा खणखणाट डोक्यात गेला, यंत्र डबीत गेलं ते गेलंच. पहिले चार-पाच दिवस शांत खोलीत एका माणसाशी बोलताना एक-दोन तास. मग दोन-तीन माणसं. मग रस्ता. पूर्ण दिवस घालायला तीन-चार आठवडे लागतात, आणि त्या काळात आवाज जुळवून घ्यायला दोन-तीनदा ऑडिओलॉजिस्टकडे जावंच लागतं. खरेदी करतानाच या फेऱ्या किमतीत धरल्या आहेत का ते विचारा. बटण सेलवरचा कागद काढल्यावर मिनिटभर थांबून मग सेल बसवा. ही सेल हवेवर चालतात, घाई केली तर लवकर संपतात. एकदा कागद काढला की परत चिकटवून उपयोग नसतो. कोकणात आणि मुंबईत रात्री सेलचं झाकण उघडं ठेवून यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवा, नाहीतर जुलै-ऑगस्टमध्ये दमटपणानं बंद पडतं.

यंत्रानं स्मृती वाचते का? 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत सरसकट सगळ्यांना तीन वर्षांत फरक दिसला नाही, पण ज्यांचा धोका आधीच जास्त होता त्यांच्यातली घसरण 48 टक्के कमी झाली. म्हणजे रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा असलेल्या आईसाठी हा खर्च लांबवू नये. मोतीबिंदूचंही तसंच, ‘पिकू दे’ म्हणून आता थांबायची गरज नसते.

काम द्यायचं ते असं

‘आता तुम्ही फक्त आराम करायचा’ हे प्रेमाचं वाक्य आहे, आणि अनुभवी माणूस ते ऐकून घाबरतो.

काम म्हणजे वेळ घालवायला दिलेले मटार नव्हेत. खऱ्या कामाला तीन खुणा असतात: ते नाही झालं तर घराचं अडतं, त्यात घरातल्यांखेरीज एका तरी माणसाशी बोलावं लागतं, आणि त्याचा हिशेब करणाऱ्याकडेच राहतो. भाजी आणणं हे यात पक्कं बसतं. आठवड्याला 500 रुपये सुटे आईच्या हातात द्या, काय आणायचं ते तिनं ठरवायचं, भाजीवाला एकच ठेवा म्हणजे ओळख होते. पहिल्या आठवड्यात ती दहा रुपयांना फसेल. फसू द्या. मोबाइलवरून दहा मिनिटांत भाजी मागवणाऱ्या घरात नेमकं हेच काम आधी मरतं, आणि त्याबरोबर दिवसातली दोन माणसं. वडिलांसाठी सोसायटीच्या पाण्याच्या टँकरची नोंद, बागेची पाळी, लाइटबिलं, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं.

नातवंडांच्या बाबतीत हात आखडता घ्या. मेलबर्नमध्ये 57 ते 68 वयाच्या स्त्रियांवरचा एक छोटा अभ्यास 2014 मध्ये आला. आठवड्यातून एक दिवस नातवंडं सांभाळणाऱ्या आज्यांची चाचणीतली कामगिरी सगळ्यांत चांगली, पाच दिवस किंवा जास्त सांभाळणाऱ्यांची मात्र घसरलेली. अभ्यास लहान आहे, पण आपल्याकडच्या पाळणाघरं झालेल्या आज्यांना तो सांगायला नको. दोन्ही नोकरीवाली असतील तर दुपारचे दोन-तीन तास तरी दुसरी सोय करा आणि ते तास आईच्या बाहेर पडण्याचे ठरवून टाका.

खाली उतरवणं

सोसायटीच्या आवारात, बागेत किंवा देवळात कुठेतरी ज्येष्ठांचा कट्टा असतोच. फेस्कॉम या राज्यभरच्या महासंघाशी जोडलेले ज्येष्ठ नागरिक संघ बहुतेक शहरांत वॉर्डनिहाय आहेत. हास्यक्लब तर 1995 साली मुंबईतच सुरू झाला. जागा शोधणं अवघड नाही, टिकणं अवघड. माणूस का टिकत नाही याची खरी कारणं सहसा सांगितली जात नाहीत.

पहिलं कारण लघवी. तासभर बसायचं आणि जवळ संडास नाही, म्हणून बायका येत नाहीत आणि ‘गुडघे दुखतात’ म्हणतात. तळमजल्यावर वॉचमनचं नाहीतर क्लबहाउसचं स्वच्छतागृह उघडं ठेवायला लावा, त्यात एक दांडी बसवा. दुसरं कारण बोली. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणाऱ्या आजी पहिल्याच दिवशी कुणी हसलं की मुक्या होतात. अशा वेळी तिच्याच मुलखातली एखादी बाई शोधून दोघींची गाठ घालून द्या, मोठा कट्टा नंतर. तिसरं कारण आपण: खाली सोडून ‘तासाभरानं येतो’ म्हणून निघून जाणं. पहिल्या तीन वेळा सोबत बसा, दहा मिनिटं आधी पोचा, म्हणजे जमलेल्या घोळक्यात शिरावं लागत नाही. सोबत काहीतरी न्या, गावची चटणी चालते, रेसिपी विचारली गेली की आठवड्याचं बोलणं झालं. चौथ्यांदा तिथलंच कुणीतरी बेल वाजवून ‘चला’ म्हणेल अशी व्यवस्था करा. आपल्या ‘जा ना आई’पेक्षा शेजारणीच्या ‘चला’नं पाय उचलतात.

कट्टा नसेल तर सहा ते आठ जणांचा स्वतः सुरू करा. त्याहून जास्त झाले की दोनच माणसं बोलतात. खुर्च्या गोलात, आवाज घुमणाऱ्या पार्किंगपेक्षा झाडाखाली, पाऊण तास, रोज एकच वेळ. व्याख्यान, सत्कार, माइक यांपासून लांब राहा. गप्पा मारायला आलेले लोक श्रोते झाले की कट्टा मेला. जोर पत्त्यांवर आणि भिशीवर द्या.

मेंढीकोट बघा. चौघं, दोन जोड्या, प्रत्येकी तेरा पानं. चारही दश्श्यांवर डोळा. दोन-दोन दश्श्या वाटल्या गेल्या तर सात हात करणारी जोडी जिंकते. म्हणजे कुठली दश्शी पडली, कुणाकडे उतारी संपली, हुकूम किती निघाले, आणि समोरच्या भिडूनं मघाशी तोंड का वाकडं केलं, हे सगळं एकदम डोक्यात ठेवायचं. डाव चुकला की भिडू चिडतो, तीही सोबतच. ज्यांना हे जड जातं त्यांना बदाम सात. नेहमीचा पट्टीचा खेळाडू सलग दोन-तीन आठवडे पडलेली दश्शी विसरायला लागला, तर घरच्यांना हळूच सांगा. कट्ट्याला हे घराच्या आधी कळतं.

भिशी तशीच. दहा जणी, महिना 200 रुपये, चिठ्ठी निघेल तिला 2000. तारीख लक्षात ठेवणं, पैसे राखून ठेवणं, कुणाची बाकी आहे ते आठवणं, आणि त्या दिवशी जावंच लागणं. वही आळीपाळीनं दोघींकडे द्या, एकीकडेच नको, म्हणजे चूक झाली तर चोरीचा आळ येत नाही. रक्कम कधीच वाढवू नका, वाढवली की भिशी फुटते आणि माणसंही.

मुलं परदेशात असतील तर

अमेरिकेत एक चाचणी झाली: 75 च्या पुढच्या एकट्या माणसांशी आठवड्यातून चारदा, अर्धा-अर्धा तास, व्हिडिओवर ठरवून गप्पा. सहा महिन्यांत त्यांच्या विचारशक्तीच्या परीक्षेतल्या गुणांत थोडी सुधारणा दिसली. ‘जेवलीस का, गोळी घेतलीस का’ या दोन मिनिटांच्या रोजच्या फोनला या गप्पांची सर नाही. विषय काढून बोला: पुरणपोळीचं कणीक किती सैल, 1972 च्या दुष्काळात घरात काय शिजायचं, समोरच्या बिल्डिंगच्या भांडणाचं काय झालं. शेवटचा प्रश्न फार कामाचा, कारण त्याचं उत्तर द्यायला आईला बाहेर जाऊन बातमी आणावी लागते. वेळ ठरलेली असू द्या. भारतात सकाळचे आठ म्हणजे न्यूयॉर्कला आदल्या रात्रीचे उन्हाळ्यात साडेदहा, हिवाळ्यात साडेनऊ. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं बदलली की इकडे आई तासभर फोनपाशी बसून राहते, तेव्हा आधी सांगून ठेवा. एकट्या माणसाला सायबर चोर आधी गाठतात, कारण तो कुणाशीही बोलायला तयार असतो. 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक फोनच्या मागे चिकटवा.

वाटणी आणि सही

सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे ही पद्धत टाळता येत नसेल तर महिने दरवर्षी तेच ठेवा आणि दोन्ही घरी पलंग-देव-घड्याळ यांची मांडणी सारखी ठेवा. दर महिन्याला घर बदलणं वाईट, कुठल्याच कट्ट्यावर ओळख रुजत नाही. आईला एकाकडे आणि वडिलांना दुसऱ्याकडे ठेवणं त्याहून वाईट, याला काहीही सबब चालू नये.

पासबुक ज्याचं त्याच्या हातात. घर नावावर करून देताना ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द बक्षीसपत्रात घालून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली, अट न पाळल्यास ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. निर्वाहाचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात करायचा, महिना 10,000 रुपयांपर्यंत आदेश होऊ शकतो. कुठे जायचं ते कळेना तर 14567 ही एल्डरलाइन, मन फारच खचलं असेल तर 14416 ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन.

डॉक्टरकडे कधी

तासा-दिवसांत बिघडलं तर डिलिरियम, त्याचं वर आलंच. काही आठवड्यांत झोप, भूक गेली, ‘मला काही आठवत नाही’ अशी तक्रार तो माणूस स्वतः करू लागला, तर नैराश्य असण्याची शक्यता मोठी, आणि ते औषधानं आणि माणसांनी सुधारतं. महिने-वर्षांत हळूहळू, आणि तक्रार स्वतःची नसून घरच्यांची असेल, तर डिमेन्शियाची तपासणी. किल्ली कुठे ठेवली ते विसरणं नेहमीचं. किल्ली हातात घेऊन ती कशाची हे न कळणं वेगळं.

रक्तात बी-12, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सोडियम, साखर बघून घ्या. शाकाहारी माणसं आणि वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणारे यांच्यात बी-12 कमी असणं नेहमीचं, आणि ते भरून काढणं स्वस्त. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्याही. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी आणि सर्दीतली क्लोरफेनिरामिन या दोन्ही म्हाताऱ्या मेंदूला बोजड करतात. पण झोपेची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर मनानं एकदम तोडू नका, डॉक्टर ती पायरीपायरीनं उतरवतात.

आणि वही न्या. गावच्या आठ दिवसांची पानं आणि आताच्या आठ दिवसांची पानं शेजारी उघडून ठेवा. ‘आई विसरते का?’ या प्रश्नापेक्षा ‘गावी दिवसाला बारा माणसं, इथं तीन’ यावर डॉक्टरांना जास्त विचारता येतं. चौथा रकाना रिकामा असेल तर तोही दाखवा.